सुईचं नेढं, दिंडी दरवाजा आणि पुराव्याचं साल

प्रश्न: आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी घरोघरी बायबल अभ्यास असतो. दोन वर्षांपासून तो माझ्याकडे आहे. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. गेल्या महिन्यात ‘श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं’ हे वचन आलं. यरुशलेमच्या तटाला ‘सुईचं नेढं’ नावाचा एक बुटका दरवाजा होता, उंटाला ओझं उतरवून, गुडघे टेकून त्यातून जावं लागे, असं मी सांगितलं. सगळ्यांना आवडलं. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने विचारलं, “काकू, हे कुठे लिहिलंय?” मला सांगता आलं नाही. मग प्रश्नांची रांगच लागली. ‘तू थंड किंवा गरम असतास तर बरं होतं’ म्हणजे देवाला विश्वास नसलेला चालतो, अर्धवट चालत नाही? आईबापांचा द्वेष करा असं येशू कसं म्हणेल? टकल्या म्हणून चिडवणाऱ्या पोरांवर अस्वलं का आली? आणि गेल्या बुधवारी सगळे गेल्यावर एक बहीण मागे थांबली. नवरा मारतो, आणि सासू म्हणते, दुसरा गाल पुढे कर असं शास्त्रातच आहे. त्या काळाची पार्श्वभूमी समजून शिकवावं म्हणतात. पण खरी पार्श्वभूमी कोणती आणि भाकड कोणती, हे माझ्यासारखीने ओळखायचं कसं?

उत्तर:

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ. बाकीचे बुधवारपर्यंत थांबतील, हा थांबणार नाही.

मत्तय ५:३९ उघडा. तिथे नुसता गाल नाही, ‘उजवा’ गाल आहे. समोर उभ्या माणसाच्या उजव्या गालावर आपल्या उजव्या हाताने मारायचं झालं तर तळहात पोचत नाही, हात उलटा फिरवावा लागतो. हवेत करून पाहा. उलट्या हाताची चपराक इजा करायला मारत नसत, पायरी दाखवायला मारत. यहुदी कायद्याचा मिश्ना नावाचा संग्रह इ.स. २०० च्या सुमारास तयार झाला. त्याच्या बावा कम्मा या भागात (८:६) भरपाईचे दरच दिले आहेत. साधी थप्पड मारली तर २०० झूझ, उलट्या हाताने मारली तर ४०० झूझ. झूझ म्हणजे ढोबळ मानाने एक दीनार, आणि मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्यात दिवसभराच्या कामाची मजुरी एक दीनार आहे. एका उलट्या चपराकीची किंमत वर्षभराच्या मजुरीहून जास्त! त्याच यादीत अंगावर थुंकणं, पांघरलेलं वस्त्र ओढून घेणं, बाजारात बाईचं डोकं उघडं करणं यांनाही ४०० झूझच आहेत. कायदा तिथे जखम मोजत नाही, अब्रू मोजतो.

आता पुढच्या दोन ओळी. अंगरख्यासाठी कोर्टात खेचणाऱ्याला झगाही देऊन टाक. निर्गम २२:२६-२७ प्रमाणे गरिबाचा झगा गहाण घेतला तर सूर्यास्ताच्या आत परत करायचा, कारण तेच त्याचं रात्रीचं पांघरूण. तोही काढून दिला तर भर कोर्टात लाज देणाऱ्याची जाते की मागणाऱ्याची, हे ऐकणाऱ्यांना कळत होतं. पुढे वेठीस धरून एक कोस नेणारा. रोमी अंमलात शिपाई रस्त्यावरच्या माणसाला पकडून ओझं वाहायला लावी. मत्तय २७:३२ मध्ये कुरेनेच्या शिमोनाला येशूचा क्रूस वाहायला असंच धरलं आहे, आणि मूळ ग्रीकमध्ये दोन्ही जागी क्रियापद एकच आहे. मराठी भाषांतरकारांनी ‘वेठ’ हा शब्द अगदी नेमका उचलला आहे. आपल्याकडे वेठबिगारी काय होती हे वेगळं सांगावं लागत नाही.

तिन्ही उदाहरणांत समोरचा माणूस वरच्या पायरीवरून दाबणारा आहे: तोरा मिरवणारा, सावकार, शिपाई. घरातल्या बाईने मार खात राहावं याचा त्या उताऱ्यात मागमूस नाही. दुसरा गाल पुढे करणं म्हणजे ‘आता बरोबरीच्या माणसाला मारतात तसं मार’ असं आव्हान होतं, असाही एक अर्थ सध्या फार सांगितला जातो. तो पटण्यासारखा आहे, पण तो तर्क आहे, आणि तर्क म्हणूनच सांगा. लूक ६:२९ मध्ये ‘उजवा’ हा शब्दच नाही, हेही विसरू नका.

त्याहून भक्कम आधार बायबलातच आहे. योहान १८:२२-२३ मध्ये महायाजकासमोर एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू दुसरा गाल पुढे करत नाही. मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असं उलट विचारतो. फिलिप्पै शहरात फटके खाल्लेला प्रेषित पौल प्रेषितांची कृत्ये १६:३७ मध्ये रोमी नागरिकाचा हक्क दाखवून अधिकाऱ्यांना स्वतः यायला लावतो, आणि २२:२५ मध्ये फटक्यांआधीच कायदा पुढे करतो. सासूबाईंना वचनच हवं असेल तर ही तीन ठिकाणं दाखवता येतील.

पण त्या बहिणीला आधी वचन नको, सुरक्षितता हवी. तिला एकटीला गाठून एवढंच विचारा: आज रात्री घरात धोका आहे का? असेल तर ११२. महिला हेल्पलाइन १८१ वर माहिती आणि मदत दोन्ही मिळतात. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. ते घटनेचा अहवाल तयार करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, आणि त्यावर संरक्षणाचा किंवा घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद जपून ठेवायला सांगा. नवऱ्याला बोलावून दोघांवर एकत्र प्रार्थना करण्याची घाई करू नका: त्याच्यासमोर ती खरं बोलणार नाही, आणि घरी गेल्यावर त्याचं बिल तिलाच भरावं लागेल. तिची गोष्ट प्रार्थनाविनंती म्हणूनही गटात मांडू नका.

आता उंट.

त्या कॉलेजच्या मुलाने बरोबर जागी बोट ठेवलं. येशूच्या काळात यरुशलेमला अशा नावाचा दरवाजा होता याला उत्खननाचा आधार नाही आणि कुठल्या प्राचीन लेखनाचाही नाही. ही गोष्ट येते ती मध्ययुगातल्या टीकाग्रंथांतून, म्हणजे घटनेनंतर हजारएक वर्षांनी. आज यात्रेकरूंना मोठ्या वेशीतला जो छोटा दरवाजा दाखवतात, त्याला आपण दिंडी म्हणतो. आपल्या किल्ल्यांना, वाड्यांना ती असते. पण यरुशलेमचे आजचे तट सुलतान सुलेमानाने सोळाव्या शतकात बांधले. येशूच्या काळातलं शहर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडलं होतं.

मराठी माणसाला ही चूक पटकन कळेल. राजगडाला सुवेळा माचीवर नेढं आहे, रतनगडाला आहे. कड्याला आरपार पडलेल्या भोकाला आपण सुईवरूनच ते नाव दिलं. उद्या कुणी म्हणालं की ‘सुईच्या नेढ्यातून हत्ती जाणार नाही’ ही म्हण राजगडावरच्या नेढ्यावरून आली आणि शिवकाळात हत्ती अंग चोरून तिथून जात, तर आपण हसू. दरवाजाची कथा त्याच जातीची आहे.

दुसरी पळवाट दोराची. ग्रीकमध्ये उंट म्हणजे ‘कामेलोस’, जाड दोर म्हणजे ‘कामिलोस’. तेव्हा नक्कल करणाऱ्याची चूक झाली, मूळ शब्द दोर होता, असं म्हणतात. काही उशिराच्या हस्तलिखितांत दोर आहेही. पण जुन्या आणि चांगल्या प्रतींत उंटच आहे. शिवाय नक्कलकाराचा हात अवघड शब्दाकडून सोप्याकडे वळतो, सोप्याकडून अवघडाकडे सहसा नाही. आणि जहाजाचा दोर तरी सुईत कुठे जातो?

मग खरी पार्श्वभूमी कोणती? पहिली, येशूची बोलण्याची ढब. मत्तय २३:२४ मध्ये तोच म्हणतो की तुम्ही चिलट गाळून काढता आणि उंट गिळून टाकता. त्या मुलुखात नित्य दिसणारं सगळ्यांत मोठं जनावर उंट, म्हणून अतिशयोक्तीला उंट. बाबेलच्या यहुदी पंडितांच्या तालमुदात सुईच्या नेढ्यातून जायला हत्ती आहे. तो ग्रंथ येशूनंतर काही शतकांनी पुरा झाला, पण म्हणीची घडण तीच. दुसरी पार्श्वभूमी मार्क १०:२६ मध्ये आहे. शिष्य हादरतात आणि विचारतात, मग तारण तरी कुणाचं होणार? अनुवाद २८ वाचून वाढलेल्या माणसाला भरलेली कोठारं म्हणजे देवाच्या आशीर्वादाची खूण वाटे. ज्याच्यावर आशीर्वाद दिसतो तोच आत जात नसेल तर आमचं काय, असा तो प्रश्न आहे. दरवाजाची गोष्ट खरी धरून ही ओळ वाचून पाहा. ओझं उतरवून वाकलं की काम होतं, तर शिष्य हादरले कशाला? आणि पुढचं ‘माणसांना अशक्य, देवाला शक्य’ कुणासाठी?

कुठलंही स्पष्टीकरण उताऱ्यात परत बसवून पुढची ओळ वाचायची. ती ओळ लंगडी पडली तर स्पष्टीकरण चुकलं. याला ग्रीक यावं लागत नाही.

दुसरी परीक्षा सालाची. पार्श्वभूमी सांगणाऱ्याला विचारा: हे कोणत्या पुराव्यावरून, आणि तो पुरावा कोणत्या सालचा? त्याच काळातला शिलालेख, नाणं, इतिहासकार असेल तर उत्तम. शंभर-दोनशे वर्षं नंतरचा असेल तर ‘बहुधा’ जोडून वापरा. वर सांगितलेला मिश्ना असाच आहे, म्हणून ४०० झूझचा आकडा येशूच्या श्रोत्यांना जसाच्या तसा ठाऊक होता असं म्हणू नका, अपमानाची ती मोजपट्टी बहुधा त्यांच्या ओळखीची होती एवढंच म्हणा. हजार वर्षं नंतरचा असेल तर सोडून द्या. मंदिराच्या सगळ्यांत आतल्या खोलीत, परमपवित्रस्थानात, जाणाऱ्या महायाजकाच्या पायाला दोर बांधत ही लाडकी गोष्ट तेराव्या शतकातल्या झोहर या यहुदी गूढवादाच्या ग्रंथातली आहे. मिश्नाच्या प्रायश्चित्त-दिवसाच्या प्रकरणात त्या दिवसाचे बारीकसारीक तपशील आहेत, दोर नाही. येशू नरकासाठी ‘गेहेन्ना’ हा शब्द वापरतो. ‘गेहेन्ना म्हणजे यरुशलेमची कचराकुंडी, तिथे कायम आग जळे’ हे पहिल्यांदा दाविद किम्ही या पंडिताच्या लेखनात, इ.स. १२०० च्या आसपास सापडतं. आणि गंमत म्हणजे खरी पार्श्वभूमी त्याहून भयंकर आहे: २ राजे २३:१० आणि यिर्मया ७:३१ वाचा. गेहेन्ना हे नाव ज्यावरून आलं त्या हिन्नोमाच्या खोऱ्यात लेकरांना आगीत होमत. येशूच्या श्रोत्यांच्या कानात ते नाव त्या आठवणीसकट पडत होतं, कचरा हा त्यापुढे फारच सौम्य झाला.

तिसरी खूण थोडी अंदाजाची आहे, पण उपयोगी पडते: स्पष्टीकरणाने वचन एकदम सोयीचं झालं की सावध व्हा. दरवाजाची कथा इतकी टिकली, कारण ती श्रीमंताला वाकून आत जायची सोय करून देते.

‘थंड किंवा गरम’ मात्र असा उतारा आहे की पार्श्वभूमीने तो सरळ उलगडतो, आणि तिथेही एक भाकड गोष्ट मध्ये घुसली आहे. प्रकटीकरण ३:१४-२२ हे पत्र लावदिकीयाच्या मंडळीला आहे. हे गाव आजच्या तुर्कस्तानात, देनिझली शहराजवळ लायकस नदीच्या खोऱ्यात. उत्तरेला सुमारे १० किलोमीटरवर हेरापली. तिथले गरम पाण्याचे झरे अजून वाहतात, पांढऱ्याशुभ्र चुनखडीच्या पायऱ्या झाल्या आहेत. लोक दुखणी घेऊन तिथे डुंबायला जात. दुसऱ्या बाजूला १५-२० किलोमीटरवर कलस्सै, डोंगराच्या पायथ्याशी, थंड पाण्याच्या ओढ्यांचं. आपल्याकडे समजा एका अंगाला वज्रेश्वरीची कुंडं आणि दुसऱ्या अंगाला डोंगरातला झरा, आणि मधल्या गावच्या नळाला ना धड हे ना धड ते.

त्यामुळे थंड म्हणजे अविश्वासी आणि गरम म्हणजे आवेशी, ही जोडीच मोडते. गरम पाण्याचा उपयोग आहे, थंड पाण्याचाही आहे. कोमटाचा त्या जगात एक उपयोग नोंदलेला आहे: पहिल्या शतकातला रोमी वैद्यकलेखक सेल्सस ओकारी काढायला कोमट पाणी प्यायला सांगतो. आणि ३:१६ मध्ये आपण सभ्यपणे ‘तोंडातून टाकीन’ वाचतो, तिथे ग्रीक क्रियापद ओकण्याचंच आहे. इथे आपलीच एक सवय आड येते. सकाळी उठून कोमट पाणी प्यावं, हा आपल्याकडचा घराघरातला सल्ला. त्यामुळे कोमटपणा आपल्याला मनातून वाईट वाटतच नाही. गटात हे आधी बोलून टाका, मग वचन वाचा.

भाकड भाग असा: हेरापलीचं गरम पाणी नळाने लावदिकीयाला आणत आणि ते वाटेत कोमट होई, असं हमखास सांगतात. लावदिकीयाचा जलमार्ग उत्तरेकडून येत नव्हता, तो दक्षिणेकडच्या झऱ्यांवरून येई. दगडी नळांचे अवशेष आजही दिसतात, आत क्षारांचा जाड थर बसलेला. तिथलं पाणी क्षारयुक्त होतं, पण भूगोलकार स्ट्रॅबो ते पिण्याजोगं होतं असं नोंदवतो. काही अभ्यासक म्हणून पाणी बाजूला ठेवून जेवणाची पंगत पुढे करतात: त्या काळी द्राक्षारस गार किंवा ऊन करून देत, कोमट कुणी वाढत नसे. दोन्ही वाटांनी अर्थ एकाच जागी येतो. म्हणून गटात सांगताना नळाची गोष्ट गाळा, ‘थंडही चांगलं, गरमही चांगलं’ हे ठेवा.

‘मी श्रीमंत आहे, मला कशाची गरज नाही’ (३:१७) या ओळीला मात्र पक्का पुरावा आहे. इ.स. ६० मध्ये लावदिकीया भूकंपाने उद्ध्वस्त झालं आणि रोमकडून काही मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभं राहिलं, हे रोमी इतिहासकार टॅसिटस लिहितो. तिथल्या मेंढ्यांची काळीभोर लोकर नावाजलेली होती, हे स्ट्रॅबो सांगतो. आणि पत्र त्यांना पांढरी वस्त्रं घ्यायला सांगतं. गावाजवळच्या एका देवळापाशी वैद्यकाचं विद्यालयही होतं. डोळ्यांचं अंजन खास लावदिकीयात बनत असे, हे मात्र जोडून घेतलेलं आहे. अंजनाचा उल्लेख विद्यालयाशी छान जुळतो खरा, म्हणून कुणीतरी कारखानाही काढून दिला.

आईबापांच्या द्वेषाला यातलं फार काही लागत नाही. लूक १४:२६ समोर ठेवा आणि शेजारी मत्तय १०:३७: माझ्यापेक्षा जो बापावर किंवा आईवर अधिक प्रेम करतो. एकाच शिकवणीचे हे दोन उच्चार. इब्री बोलीत दोघांत एकाला पुढे ठेवलं की दुसऱ्याचा ‘द्वेष केला’ म्हणण्याची रीत आहे. उत्पत्ती २९:३० मध्ये याकोब राहेलवर लेआपेक्षा अधिक प्रेम करतो, आणि पुढच्याच ओळीत मूळ शब्दाप्रमाणे लेआ ‘द्वेषिलेली’ आहे. अनुवाद २१:१५ मध्ये दोन बायकांबद्दल तेच. मराठीत याला तयार जोडी आहे, आवडती राणी आणि नावडती राणी. नावडतीला राजा विष देत नाही, तिची पाळी मागे पडते. गटातल्या आजीबाईंना एवढं पुरेल. आणि या वचनाचा आधार घेऊन कुणी म्हाताऱ्या आईबापांना वाऱ्यावर सोडत असेल तर मार्क ७:९-१३ वाचायला द्या. ‘कुर्बान’ म्हणून पैसा देवाला वाहिला असं सांगून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना येशूने तिथे चांगलंच झोडपलं आहे.

अलीशा संदेष्ट्याला चिडवणारी पोरं आणि अस्वली यांचं (२ राजे २:२३-२४) तसं नाही. तिथे पार्श्वभूमी अर्ध्या वाटेपर्यंतच येते, आणि तेवढंच कबूल करावं. पहिलं, ‘मुलं’. इब्रीतला ‘नआर काटोन’, लहान मुलगा, हाच शब्दप्रयोग १ राजे ३:७ मध्ये शलमोन स्वतःबद्दल करतो, तेव्हा तो राज्यावर बसलेला आणि लग्न झालेला आहे. २:२४ मधला ‘येलादीम’ हा शब्द १ राजे १२:८ मध्ये शलमोनाचा मुलगा रहबाम याच्या सवंगड्यांना लावला आहे, आणि रहबाम तेव्हा ४१ वर्षांचा (१४:२१). मराठीत ‘गल्लीतल्या पोरांनी मंडळ काढलं’ म्हटलं तर ती पोरं आठ वर्षांची की अठ्ठावीस, हे संदर्भावरूनच कळतं. इथे ४२ जण जखमी झाले, म्हणजे जमाव त्याहून मोठा. पण ‘काटोन’ म्हणजे लहान, हे काही पुसता येत नाही. तेव्हा ‘ते सगळे गुंड तरुण होते’ असं ठासून सांगू नका. वय उघडं आहे एवढंच म्हणा.

दुसरं, गाव. हे बेथेलला घडतं, आणि बेथेल म्हणजे राजा यराबामाने सोन्याचं वासरू बसवलं ते ठिकाण (१ राजे १२:२८-२९). तिथे यहोवाच्या संदेष्ट्याची टिंगल म्हणजे नुसती टकलाची थट्टा उरत नाही. तिसरं, लेवीय २६:२१-२२: करार मोडून माझ्याविरुद्ध चालाल तर रानटी जनावरं तुमची लेकरं नेतील. राजांची पुस्तकं ज्यांच्यासाठी लिहिली गेली त्यांना हा शाप बहुधा ओळखीचा होता, आणि अस्वलींची गोष्ट त्यांनी त्याच सुरात ऐकली असणार. चौथं, मूळ क्रियापद फाडण्याचं आहे. ते मेले असं मजकूर म्हणत नाही.

एवढं सगळं सांगूनही कुणी म्हणेल, “तरीपण काकू…” त्याला अडवू नका. हा उतारा त्या काळाच्या चौकटीत समजतो, पण त्याने मन शांत होईलच असं नाही. इथे सारवासारव केली की गटातली तरुण मुलं ओळखतात, आणि मग पुढच्या खऱ्या स्पष्टीकरणावरही त्यांचा विश्वास बसत नाही.

तयारीचं म्हणाल तर पाऊण तास पुरतो. पहिली २० मिनिटं फक्त मजकूर: अख्खा अध्याय मोठ्याने, आणि आधीचा-नंतरचा अर्धा. मग दोन मराठी भाषांतरं शेजारी ठेवा, एक जुन्या वळणाचं, एक सोप्या भाषेतलं. जिथे दोन्हींचे शब्द फार वेगळे दिसतील तिथे पेन्सिलने खूण करा. मूळ शब्द बहुतेक वेळा तिथेच अवघड असतो. पुढची १० मिनिटं समासातल्या संदर्भांना. बाहेरची माहिती शोधायची ती शेवटच्या १५ मिनिटांत, त्याआधी नाही. हा क्रम उलटा झाला की घोळ होतो: आधी व्हिडिओ पाहिला की मजकुरात तेच दिसायला लागतं.

सरावाला मार्क ११ घ्या. भुकेला येशू पानांनी भरलेल्या अंजिराला फळ नाही म्हणून शाप देतो, आणि मार्क वर सांगतो की अंजिरांचा हंगामच नव्हता. पुरंदरच्या अंजिराचा खट्टा आणि मिठा बहार माहीत असलेल्या माणसाला हे फारच खटकेल. यरुशलेमकडे वल्हांडण मार्च-एप्रिलात, पहिली अंजिरं जूनच्या सुमारास, मुख्य पीक ऑगस्ट-सप्टेंबरात. पानांबरोबर कच्ची, हिरवी बोंडं येतात, गरीब ती खात, असंही सांगतात. पण फळबागेत शिरण्याआधी अध्यायाची बांधणी पाहा: ओळी १२-१४ झाड, १५-१९ मंदिरातले सराफ उधळणं, २०-२१ झाड वाळलेलं. मार्क एक गोष्ट अर्धी सोडून मध्ये दुसरी घालतो, म्हणजे दोन्ही एकमेकींच्या उजेडात वाचायच्या. पाचव्या अध्यायात याइराची मुलगी आणि रक्तस्रावाची बाई यांचं त्याने असंच केलं आहे. शेजारी यिर्मया ८:१३ ठेवा, वेलीला द्राक्षं नाहीत, अंजिराला फळ नाही, पानं वाळली. शाप कुणाला आहे ते झाडाकडे न पाहता कळतं.

एक धोका राहिला. पार्श्वभूमी सांगताना ‘यहुदी लोक असे कठोर, येशू असा प्रेमळ’ ही घसरगुंडी फार सोपी असते. येशू यहुदी, शिष्य यहुदी, आणि अपमानाला ४०० झूझ लावणारा कायदाही यहुद्यांचाच. एखादं स्पष्टीकरण दुसऱ्याला काळं करूनच उभं राहत असेल तर त्याचं साल दोनदा तपासा.

येत्या बुधवारी सुरुवातीलाच दोन मिनिटांत सांगून टाका की दरवाजाची गोष्ट चुकीची होती, आणि लगेच मार्क १०:२६-२७ वाचा. लांबण नको, माफीनामा नको. वहीत तीन रकाने आखा: काय सांगितलं, कशावरून, कोणत्या सालचा पुरावा. शेजारी ‘नक्की’, ‘बहुधा’, ‘तर्क’ यांतला एक शब्द लिहायचा. आणि तिसरा रकाना भरायचं काम त्या कॉलेजच्या मुलाकडे द्या.